वार्धक्यातील आजार : इलाज, सब्र आणि वडिलांचा शब्द




सूरह रूममध्ये अल्लाह तआलाने माणसाच्या आयुष्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. आरंभी दुर्बलता, मग सामर्थ्य आणि शेवटी पुन्हा दुर्बलता व पिकलेले केस. हजरत जकरिया (अ.) यांनी आपल्या रबला हाक मारली तेव्हा हाडे खिळखिळी झाल्याचे आणि डोके पांढरे झाल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. वार्धक्यातील अशक्तपणा लपवावा अशी ती गोष्ट नव्हती. एका प्रेषिताने ती आपल्या दुआचा भाग केली.

आपल्या घरांत मात्र वृद्ध पुरुषांचा एक आजार वर्षानुवर्षे झाकून ठेवला जातो. रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते, लघवीची धार बारीक होते, जमाअतमध्ये उभे असताना दोन रकअतींनंतर सफ सोडावी लागते, कपड्यांवर थेंब पडतात. मग एके दिवशी अब्बा मशिदीत येणेच बंद करतात. घरातील लोक म्हणतात, आता वय झाले. अब्बा काही बोलत नाहीत. पुढे कोणीतरी रक्ताची तपासणी करवून घेतो, अहवालात एक आकडा वाढलेला दिसतो, 'कॅन्सर' हा शब्द घरात शिरतो आणि सर्वांची झोप उडते. एक मुलगा म्हणतो, उद्याच मुंबईला नेऊन ऑपरेशन करू. दुसरा म्हणतो, या वयात कशाला, अल्लाहवर सोडून द्या. दोघांच्याही मनात वडिलांविषयी प्रेम असते. अशा वेळी दीन आपल्याला काय शिकवतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

लाजेने ज्ञान अडू नये

हजरत अली (रजि.) यांना गुप्तांगातून स्राव होण्याचा त्रास होता. प्रेषित मुहम्मद (स.) हे त्यांचे सासरे, त्यामुळे स्वतः विचारण्याचा संकोच वाटला. म्हणून त्यांनी हजरत मिकदाद (रजि.) यांना विचारावयास पाठविले आणि उत्तर मिळविले. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती. नमाज कशी पढावी हे त्यांनी थेट प्रेषितांना (स.) विचारले आणि उत्तर मिळाले की उभे राहून पढावी, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. आज जगभरचे आजारी मुसलमान ज्या सवलतीने नमाज अदा करतात, ती एका सहाबीने आपला नाजूक आजार न लपविल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली.

हया हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु हयाने माणसाला पापापासून रोखावे, इलाजापासून रोखू नये. डॉक्टरांपुढे सत्र उघडण्याविषयी फुकहांनी नियम घालून दिला आहे. गरजेमुळे जे जाइज होते, ते गरजेपुरतेच जाइज असते. म्हणून पुरुष रुग्णाने शक्यतो पुरुष डॉक्टर पाहावा, आवश्यक तेवढाच भाग उघडावा आणि निःसंकोच तपासून घ्यावे. ज्यांना स्वतः बोलणे जड जाते त्यांनी हजरत अलींप्रमाणे (रजि.) एखाद्या विश्वासू माणसाकरवी बोलावे.

आजार नेमका काय आहे

सूरह नहल आणि सूरह अंबिया यांत आज्ञा आहे की तुम्हांला ज्ञान नसेल तर जाणकारांना विचारा. प्रेषितांनी (स.) हजरत सअद (रजि.) यांना छातीच्या दुखण्यासाठी हारिस बिन कलदा या वैद्याकडे जावयास सांगितले होते. म्हणून प्रथम जाणकार काय सांगतात ते ऐकू.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. मूत्रमार्ग तिच्यामधून जातो. वयानुसार ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत वाढते आणि मार्गावर दाब येतो. ही वाढ कॅन्सर नव्हे. तिच्यावर गोळ्यांनी किंवा छोट्या शस्त्रक्रियेने उपाय होतो. कॅन्सर ही निराळी गोष्ट आहे. 'पीएसए' नावाची रक्ततपासणी ग्रंथीतून येणारे एक प्रथिन मोजते. हा आकडा कॅन्सरमुळे वाढतो, तसाच साध्या वाढीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही वाढतो. म्हणून वाढलेला आकडा म्हणजे कॅन्सरचा निकाल असे समजू नये. खात्री करावयाची तर सुईने ग्रंथीचे तुकडे काढून, म्हणजे बायोप्सी करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अन्य कारणांनी मरण पावलेल्या ८० वर्षांपुढील पुरुषांची शवविच्छेदने तपासली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी आढळल्या. त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नव्हता. या कॅन्सरचा एक प्रकार अतिशय सावकाश वाढतो आणि माणूस त्याच्यासह जगून अन्य कारणाने जातो. दुसरा प्रकार मात्र आक्रमक असतो, हाडांत पसरतो आणि वेदना देतो. दोहोंना एकच नाव असल्यामुळे घरात घबराट होते. निर्णय मात्र दोहोंसाठी एक असू शकत नाही.

इलाजाचा हुकूम

काही बद्दूंनी प्रेषितांना (स.) विचारले की आम्ही औषधोपचार करावा काय? त्यांनी होकार दिला आणि समजावले की अल्लाहने असा आजार ठेवला नाही ज्याचा उपाय ठेवला नाही, एक अपवाद वगळून. आणि तो अपवाद म्हणजे वार्धक्य. या एकाच हदीसमध्ये आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. आजारावर इलाज करा. पण म्हातारपण हा आजार नाही, त्यावर इलाजही नाही. वयाच्या ऐंशीव्या वर्षी समोर जे आहे त्यातील आजार किती आणि वार्धक्य किती, हे ओळखणे हेच खरे शहाणपण.

तवक्कुलचा अर्थही इथे नीट समजून घ्यावा. उंटाला आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही प्रेषितांची (स.) शिकवण प्रसिद्ध आहे. तपासणीस घाबरून तवक्कुलचे नाव घेणे हे तवक्कुल नव्हे. तसेच डॉक्टर, मशीन आणि पैसा यांनी मृत्यू परतविता येईल असे समजून धावत सुटणे हेही तवक्कुल नव्हे. हजरत इब्राहीम (अ.) यांनी आपल्या कौमला सांगितले होते की आजारी पडल्यावर बरे करणारा तोच एक आहे. औषध हे निमित्त आहे, शिफा त्याच्या हाती आहे.

मग इलाज फर्ज आहे काय? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ साली जिद्दा येथील अधिवेशनात याविषयी जो ठराव केला, त्याचा आशय सामान्य घरांनाही उपयोगी आहे. इलाज न केल्याने जीव किंवा अवयव जाण्याचा धोका असेल, किंवा आजार इतरांना लागणारा असेल, तर इलाज वाजिब होतो. न केल्याने शरीर दुर्बल होणार असेल पण तितका धोका नसेल, तर तो मुस्तहब. यांपैकी काही नसेल तर मुबाह. आणि ज्या इलाजाचे नुकसान मूळ आजारापेक्षा अधिक होण्याची भीती असेल, तो मकरूह. म्हणजे शरीअतने प्रत्येक वृद्धाला एकाच दोरीने बांधलेले नाही. आजार कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर हुकूम अवलंबून आहे.

तपासावे की नाही

येथे दोन स्थिती वेगळ्या कराव्यात. पहिली, त्रास आहे. लघवी अडते, लघवीत रक्त दिसते, कंबर किंवा हाडे सतत दुखतात, वजन उतरते. अशा वेळी वय ९० असले तरी डॉक्टरांकडे जावे. लघवी तुंबून राहिली तर मूत्रपिंडे निकामी होतात. कंबरदुखीबरोबर अचानक पायांतील बळ गेले किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कारण कण्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि उशीर झाल्यास पाय कायमचे जातात. येथे 'वय झाले' म्हणून बसून राहणे ही बेपर्वाई आहे. स्वतःला विनाशात न लोटण्याची कुरआनची ताकीद सूरह बकरामध्ये आहे.

दुसरी स्थिती, त्रास काहीही नाही, पण कोणी सांगितले म्हणून सर्व तपासण्या करावयाच्या आहेत. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्य सेवांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ साली सांगितले की ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांनी फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, आणि ७० वर्षांपुढील पुरुषांची लक्षणे नसताना पीएसए चाचणी करू नये. कारण असे की वाढलेल्या आकड्यापाठोपाठ बायोप्सी येते, बायोप्सीपाठोपाठ इलाज येतो आणि जो कॅन्सर कधी उठलाच नसता त्यासाठी वृद्ध माणूस लघवीवरील ताबा गमावून बसतो. डॉक्टर साधारणपणे असा विचार करतात की या माणसाचे आणखी १० वर्षांचे आयुष्य अपेक्षित आहे काय. आयुष्य किती ते अल्लाहलाच ठाऊक. परंतु हृदयाची, साखरेची, मूत्रपिंडाची अवस्था पाहून अंदाज बांधणे हा वैद्याच्या कामाचा भाग आहे. त्यात गैबचा दावा नाही.

कॅन्सर निघाला तर

ब्रिटनमध्ये ५० ते ६९ वर्षांच्या १६४३ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांचा कॅन्सर ग्रंथीतच मर्यादित होता. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला किरणोपचार दिले, तिसऱ्यावर केवळ नियमित लक्ष ठेवून गरज पडल्यासच इलाज केला. सुमारे १५ वर्षांनंतर, २०२३ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने मरण पावलेले १०० पैकी ३ च्या आसपास होते. लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर पसरण्याचे प्रमाण १०० पैकी सुमारे ९ होते, इतर दोन गटांत सुमारे ५. म्हणजे थांबण्यात काहीच जोखीम नाही असे नव्हे. परंतु सावकाश चालणाऱ्या आजारात घाईने जीव वाचतो असेही नव्हे.

बायोप्सीच्या अहवालात 'ग्लीसन' नावाचा अंक असतो. ६ असेल तर आजार सहसा मंद. ८, ९, १० असेल तर आक्रमक. हा अंक डॉक्टरांना अवश्य विचारावा. मंद आजारात ठराविक काळाने तपासण्या करीत राहणे, किंवा फार वृद्ध व अशक्त व्यक्तीच्या बाबतीत केवळ लक्षणांवर नजर ठेवणे, हे दोन्ही मान्य वैद्यकीय मार्ग आहेत. हा इलाजाचा त्याग नव्हे. आक्रमक किंवा पसरलेल्या आजारात मात्र हार्मोनची इंजेक्शने, गोळ्या व किरणोपचार यांनी वेदना कमी होतात आणि पुष्कळांना चांगली वर्षे मिळतात. त्यांचे दुष्परिणामही आहेत. अंगाची लाही होते, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात, पुरुषत्वाची इच्छा मावळते. म्हणून या चर्चेत पत्नीलाही सामील करावे; तिच्या आयुष्याचाही हा प्रश्न आहे.

एका शंकेचे उत्तर इथेच देतो. कधी कधी डॉक्टर इंजेक्शनांऐवजी वृषण काढण्याची शस्त्रक्रिया सुचवितात, कारण ती एकदाच होते आणि खर्च कमी येतो. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांना संसारत्यागाची इच्छा झाली तेव्हा प्रेषितांनी (स.) परवानगी दिली नव्हती आणि खच्चीकरण इस्लाममध्ये निषिद्ध आहे, हे खरे. परंतु निषेध आहे तो अल्लाहने दिलेली प्रकृती विनाकारण नष्ट करण्याचा. जीव वाचविण्यासाठी रोगग्रस्त अवयव काढण्यास फुकहांनी परवानगी दिली आहे, हजरत उरवा बिन जुबैर (रह.) यांचा पाय याच कारणाने कापला गेला होता. तरीही निर्णयापूर्वी इंजेक्शनांचा पर्याय परवडतो काय हे विचारावे आणि आपल्या मस्लकच्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

वडिलांचा शब्द

आता मुलांना उद्देशून बोलतो, कारण बहुतेक घरांत निर्णय त्यांच्या हाती जातो.

बुखारी शरीफमध्ये हजरत आयशा (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारपणातील एक प्रसंग सांगितला आहे. घरच्यांनी त्यांच्या तोंडात एका बाजूने औषध घातले. त्यांनी खुणेने नको म्हटले. घरच्यांना वाटले, आजारी माणसाला औषध नकोसे वाटतेच, त्यामुळे म्हणत असतील. शुद्ध आल्यावर त्यांनी विचारले की मी नको म्हटले नव्हते काय? आणि घरात हजर असलेल्या प्रत्येकाला तेच औषध पाजावयास लावले. केवळ हजरत अब्बास (रजि.) वगळले गेले, कारण ते त्या कृत्यात नव्हते.

ज्यांनी औषध पाजले ते प्रेषितांवर (स.) जीव ओवाळून टाकणारे लोक होते. त्यांच्या प्रेमाविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही रुग्णाचा नकार मोडण्याचा अधिकार त्या प्रेमाने त्यांना दिला नाही. आपण 'आजारी माणसाला काय कळते' म्हणतो तेव्हा हा प्रसंग आठवावा. वर उल्लेखिलेल्या अकादमीच्या ठरावातही रुग्ण शुद्धीवर व समजदार असेल तर त्याची संमती आवश्यक मानली आहे.

दुसरा प्रसंग एका सहाबी स्त्रीचा. तिला फेफरे येत असत आणि त्यात अंगावरचे वस्त्र सरकत असे. तिने दुआची विनंती केली. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. सब्र केलास तर जन्नत आहे. इच्छा असेल तर बरे होण्याची दुआ करतो. तिने सब्र निवडला आणि केवळ आपले अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागितली. निवड तिची होती. कोणी तिला निराश म्हटले नाही, कोणी दुबळ्या ईमानची म्हटले नाही.

म्हणून अब्बांपासून निदान लपवू नका. अर्धवट माहितीवर त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ नका. लोक काय म्हणतील, मुलांनी बापाला वाऱ्यावर सोडले असे म्हणतील, या भीतीने घेतलेला निर्णय लोकांसाठी असतो, वडिलांसाठी नसतो. त्याचप्रमाणे खर्च वाचविण्यासाठी 'अब्बा, तुम्हांला तर काही करावयाचे नाही ना' असे विचारून त्यांच्या तोंडी नकार घालू नका. कुरआनने आईवडिलांपुढे 'उफ्' म्हणण्यासही मनाई केली आहे. त्यांचे मत आपल्या सोयीने घडविणे त्याहून मोठे आहे. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळू शकतात. त्याचे कार्ड आधीच काढून ठेवावे, म्हणजे पैशाची चिंता त्यांच्या ओठांवर येणार नाही.

आणि वडीलधाऱ्यांनो, आपणही मौन सोडा. आपल्याला काय सोसवेल, काय नको आहे, कशाची भीती वाटते, हे शुद्धीत असतानाच मुलांना सांगा. मृत्यूची इच्छा करण्यास प्रेषितांनी (स.) मना केले आहे. जोवर जगणे भल्याचे तोवर जगव आणि मरण भल्याचे असेल तेव्हा मरण दे, असे अल्लाहकडे मागावयास शिकविले आहे. 'आता मरू दे मला' असे वैतागून म्हणणे वेगळे आणि सर्व समजून घेऊन 'हा जड इलाज मला नको, वेदनाशमन पुरे' असे शांतपणे सांगणे वेगळे.

सल्ला आणि इस्तिखारा

शामकडे जाताना हजरत उमर (रजि.) यांना अमवास येथील साथीची बातमी कळली. त्यांनी आधी मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना, मग कुरैशच्या ज्येष्ठांना. मते भिन्न होती. परतण्याचा निर्णय झाल्यावर हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांनी समजावले की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आपल्या घरालाही हेच लागू आहे. इलाज केला तरी तकदीर, थांबलो तरी तकदीर. आपल्यावर जबाबदारी आहे ती विचारून, समजून ठरविण्याची.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. आजार मंद आहे की आक्रमक? काही न करता लक्ष ठेवले तर काय होईल? इलाजाने आयुष्य आणि रोजचे जगणे यांत काय फरक पडेल? लघवी, शक्ती व संसार यांवर काय परिणाम होईल? शक्य असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचेही मत घ्या. या आजारात बहुधा तेवढा वेळ असतो. मग दोन रकअत नफिल पढून इस्तिखाऱ्याची दुआ करा. इस्तिखारा म्हणजे स्वप्नाची वाट पाहणे नव्हे. माहिती घेऊन पाऊल उचलावे आणि त्यातील भले अल्लाहने सोपे करावे, अशी ती विनवणी आहे.

नमाज सुटू नये

ज्यांची लघवी थांबत नाही किंवा ज्यांना नळी बसविली आहे, त्यांची नमाज माफ होत नाही आणि बंदही होत नाही. सतत रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला प्रेषितांनी (स.) प्रत्येक नमाजसाठी वुजू करावयास सांगितले. त्यावरून फुकहांनी माजूरचा हुकूम काढला. हनफी मतानुसार माजूरने प्रत्येक नमाजच्या वेळेला एक वुजू करावा, तो त्या वेळेपुरता टिकतो. शाफई मतानुसार वेळ झाल्यावर प्रत्येक फर्जसाठी वुजू करावा. पॅड बांधून, स्वच्छता राखून नमाज पढावी; मध्ये थेंब आला तरी नमाज होते. माजूर कधी ठरतो, त्याचे बारकावे आपल्या इमामांना विचारावेत. गुदमार्गातून होणारी तपासणी रोजाच्या दिवशी न ठेवता रात्री किंवा रमजाननंतर ठेवावी, म्हणजे मस्लकांच्या मतभेदात पडावे लागणार नाही.

आणि ज्यांचे मशिदीत येणे सुटले आहे त्यांनी मन लहान करू नये. प्रेषितांनी (स.) शुभवार्ता दिली आहे की बंदा आजारी पडला तर तो निरोगी असताना जे सत्कर्म करीत असे त्याचे पुण्य लिहिले जात राहते. चाळीस वर्षे फजरच्या सफमध्ये उभा राहिलेला माणूस आज खाटेवर बसून नमाज पढत असेल, तर त्याची ती जागा अल्लाहकडे रिकामी झालेली नाही.

हे अल्लाह, आमच्या वडीलधाऱ्यांना शिफा दे. ज्यांच्यासाठी इलाज भल्याचा आहे त्यांना तो सुलभ कर, आणि ज्यांच्यासाठी सब्र भल्याचा आहे त्यांना सब्र दे. आम्हां मुलांना त्यांचे ऐकण्याचे कान दे. लाचारीच्या वयापासून आमचे रक्षण कर आणि आम्हां सर्वांचा शेवट ईमानवर कर. आमीन.